परिवहन शिबिर

परिवहन शिबिर म्हणजे परिवहन कार्यालयातील अधिकारी व कर्मचाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी मुख्यालयाबाहेर, बहुधा तालुक्याच्या गावी जाऊन वाहनचालकांची कामे समक्ष करण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात शिबिरांच्या तारखा आगाऊ जाहीर केल्या जातात. यवतमाळ जिल्ह्याचा वाहन नोंदणी संकेतांक ‘एमएच २९’ असून परिवहन कार्यालय यवतमाळ शहरात आहे. यवतमाळ–अमरावती मार्गावरील नेरसारख्या गावच्या चालकाला तेथे जाण्यासाठी त्या दिवसाचा रोजगार बुडवावा लागतो.

कामकाज

शिबिरात लिपिक अर्ज व कागदपत्रे तपासतात. वाहन चालविण्याची चाचणी मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक मोटार वाहन निरीक्षक घेतात. सहायक निरीक्षकांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजेच शिकाऊ लायसन्स, सहा महिने वैध असते. ते मिळाल्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते.

ऑनलाइन सेवा आणि समक्ष मार्गदर्शन

अनुज्ञप्तीचे अर्ज आता ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीवर भरले जातात. आधार ओळखीद्वारे शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा घरूनच देण्याची सोय राज्यात जून २०२१ मध्ये सुरू झाली. पक्क्या अनुज्ञप्तीच्या चाचणीसाठी मात्र उमेदवाराला प्रत्यक्ष हजर राहावे लागते.

मालवाहू व प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये रद्द केली. तथापि ऑनलाइन अर्जासाठी वाचन, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांची गरज असते. परिणामी, अटीतून सुटलेला अल्पशिक्षित चालक अर्ज भरतानाच अडतो व मध्यस्थावर अवलंबून राहतो. कोणता कागद कमी आहे, हे खिडकीवरील कर्मचाऱ्याने एकाच वेळी व सोप्या भाषेत सांगितल्यास त्याची पुढची खेप वाचते. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यास चाचणी पुन्हा द्यावी लागते. म्हणून मुदतीची वेळेवर मिळालेली माहिती त्याच्या उपजीविकेशी निगडित असते.

अर्जदाराचे हक्क

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे. अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी कळविणे बंधनकारक असून त्याविरुद्ध अपील करता येते. तोंडी नकार मिळाल्यास अर्जदाराने लेखी कारण मागणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.