विमा आणि पूर्ववृत्ताचें कथन

मोटारीचा विमा उतरवूं जाणाऱ्या गृहस्थापुढें जो छापील अर्ज येतो, त्यांत मधल्या कोठल्या तरी रकान्यांत एक साधा दिसणारा प्रश्न बहुधा असतोच : मागील इतक्या वर्षांत आपल्या हातून अगर आपल्या गाडीस कांहीं अपघात घडला आहे काय, आणि कोणत्याहि कंपनीकडे आपण नुकसानभरपाई मागितली होती काय? गृहस्थ घाईंत असतो. दोन वर्षांपूर्वीं फाटकाच्या खांबास घासलेलें मडगार्ड त्यास आठवत नाहीं, किंवा आठवलें तरी तेवढी गोष्ट ‘अपघात’ या भारदस्त शब्दास पात्र आहे असें त्यास वाटत नाहीं. तो ‘नाहीं’ असें लिहितो आणि सही करतो. या एका ‘नाहीं’च्या पाठीमागें अडीचशें वर्षांचा इतिहास उभा आहे; आणि तो मोटारीपासून नव्हे, तर सुमात्रा बेटावरील एका कमकुवत किल्ल्यापासून सुरू होतो, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

जोखीम दुसऱ्याच्या शिरावर देण्याची कल्पना आपणांसहि नवीन नव्हती. पश्चिम हिंदुस्थानच्या व्यापारांत ‘जोखमी हुंडी’ नांवाचा प्रकार रूढ होता. माल सुखरूप पोंचला तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे, वाटेंत बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचें नशीब. इंग्लंडांत हाच व्यवहार सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहांत भरास आला. जहाजाचा मालक एका कागदावर जहाजाचें नांव, माल व प्रवास लिही, आणि जोखीम पत्करणारे धनिक त्या मजकुराखालीं आपापली सही व रक्कम मांडीत. अंडररायटर या शब्दाचें मूळ तेंच. आतां पाहा, जहाज हजारों मैल दूर आहे, तें गळकें आहे कीं भक्कम, हें मालकास ठाऊक. कॉफीचा पेला हातांत घेऊन बसलेल्या धनिकास मालक सांगेल तेवढेंच ज्ञान. अशा व्यवहारांत ज्यास ठाऊक आहे त्यानें सर्व कांहीं आपण होऊन सांगितलें पाहिजे, हा नियम न्यायाचाच होता. आमच्या विवेचनाचा सारा भार ‘ज्यास ठाऊक आहे त्यानें’ या चार शब्दांवर आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

या नियमास न्यायालयाची मुद्रा मिळाली ती १७६६ सालच्या ‘कार्टर विरुद्ध बोएम’ या खटल्यांत. सुमात्रा बेटावर बेंकूलन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर कार्टर यानें, परकी शत्रूनें किल्ला घेतल्यास आपणांस भरपाई मिळावी म्हणून, लंडनमधील आपल्या भावामार्फत विमा उतरविला. मुदत १६ ऑक्टोबर १७५९ पासून एक वर्षाची. सप्तवार्षिक युद्धाचा तो काळ. १७६० च्या एप्रिलांत कौंट देस्तें याच्या फ्रेंच आरमारानें किल्ला घेतला. आणि लंडनांत विम्यावर सही झाली ती मे महिन्यांत, कारण त्या काळीं सुमात्रेची वार्ता लंडनास पोंचण्यास कित्येक महिने लागत. पुढें भरपाईची मागणी आली तेव्हां बोएमनें उत्तर दिलें कीं, किल्ला एतद्देशीयांस धाक घालण्यापुरता बांधलेला होता, युरोपीय शत्रूपुढें तो टिकणार नव्हता, आणि फ्रेंच येण्याचा संभव आहे हें गव्हर्नरास माहीत असून त्यानें तें आम्हांपासून लपविलें.

निकाल देणारे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड हे व्यापारी कायद्याचे शिल्पकार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनीं प्रथम तत्त्व सांगितलें : विमा हा अंदाजावर चालणारा करार असून अंदाज ज्या गोष्टींवर बांधावयाचा त्या बहुधा विमा उतरविणाऱ्यासच ठाऊक असतात; त्यानें त्या दडविल्या तर करार निरर्थक होतो. पाठ्यपुस्तकांत उद्धृत होतें तें एवढेंच. परंतु त्याच निकालाचा उत्तरार्ध असा कीं, हें बंधन दोन्ही पक्षांस सारखेंच लागू आहे. जें अंडररायटरास ठाऊक आहे, किंवा थोड्या चौकशीनें ठाऊक होऊं शकलें असतें, तें त्यास सांगण्याची गरज नाहीं. फ्रेंचांशीं युद्ध चालू आहे हें लंडनांतील प्रत्येकास माहीत होतें, आणि शत्रूच्या आरमाराचा अंदाज बेंकूलनपेक्षां लंडनांत बसून अधिक चांगला करतां येत होता. किल्ल्याविषयीं एकहि प्रश्न न विचारतां बोएमनें प्रीमियम घेतला, तेव्हां तो स्वखुशीनें जोखमींत उतरला. खटला गव्हर्नराच्या बाजूनें लागला! ज्या निकालाच्या आधारें पुढें असंख्य विमाधारकांचे हक्क बुडाले, त्या निकालांत प्रत्यक्ष पैसे मिळाले ते विमा उतरविणाऱ्यास, हा योगायोग आम्हांस फार बोधक वाटतो.

पुढच्या शतकानें पूर्वार्ध तेवढा जपला व उत्तरार्ध विसरला. १९०६ च्या इंग्रजी सागरी विमा कायद्यानें कसोटी ठरवून दिली ती अशी : हप्ता ठरवितांना अगर जोखीम घ्यावी कीं नाहीं याचा निर्णय करतांना शहाण्या विमा-व्यावसायिकाच्या मतावर जिचा परिणाम होईल, अशी प्रत्येक गोष्ट, कोणी विचारो वा न विचारो, सांगितली पाहिजे. शब्द जहाजांसाठीं लिहिलेले. परंतु न्यायालयांनीं तेच घरास, दागिन्यांस आणि नव्यानें रस्त्यावर आलेल्या मोटारीस लावले. विमा-व्यावसायिकाचें मन कसें चालतें हें सामान्य मनुष्यानें ओळखावें, अशी ही अपेक्षा होती. शिवाय कंपन्यांनीं अर्जाच्या तळाशीं एक ओळ छापण्यास प्रारंभ केला : ‘वरील उत्तरें हा या कराराचा पाया होय.’ या ओळीचें सामर्थ्य १९२२ सालीं ग्लासगोच्या एका व्यापारी मंडळीस कळलें. त्यांची लॉरी रात्रीं कोठें ठेवली जाते याचें उत्तर अर्जांत अनवधानानें चुकलें होतें. चुकीनें जोखमींत कांहीं फरक पडत नव्हता, हें हाउस ऑफ लॉर्ड्सनें मान्य केलें. तरीहि उत्तर चुकलें म्हणजे पाया ढासळला, असें ठरून जळालेल्या लॉरीची भरपाई बुडाली. पांच न्यायाधीशांपैकीं दोघांचें मत उलट पडलें होतें.

परंतु पूर्ववृत्ताचा खरा मासला १९३५ च्या एका खटल्यांत दिसतो. एका तरुणास पूर्वीं मोटारसायकलचा ब्रेक नीट नसल्याबद्दल दहा शिलिंग दंड झाला होता, आणि विमा देतांना मागील एका कंपनीनें नुकसानीची पहिली अल्पशी रक्कम त्यानें स्वतः सोसावी अशी अट घातली होती. पुढें गाडीचा विमा उतरवितांना या दोन्ही गोष्टी अर्जांत आल्या नाहींत. गाडीस अपघात झाला, दुखापतीची भरपाई देण्याचा प्रसंग आला, आणि कंपनीनें जुना दंड उकरून काढून हात वर केले. न्यायमूर्ति स्विफ्ट यांस त्या तरुणाविषयीं सहानुभूति वाटली, ती त्यांनीं बोलूनहि दाखविली. पण कायदा कंपनीच्या बाजूचा होता आणि निकालहि तसाच झाला. जहाजाच्या गळतीवरून निघालेला नियम दहा शिलिंगांच्या दंडापर्यंत येऊन पोंचला होता.

आमचा आक्षेप नियमाच्या सत्यप्रीतीवर नाहीं. पांच वेळां गाडी ठोकून सहाव्या वर्षीं ‘अपघात नाहीं’ असें शांतपणें लिहिणारे सभ्य लोक आहेतच, आणि त्यांच्या हप्त्यांत जी तूट येते ती कंपनीच्या तिजोरींतून नव्हे, तर खरें लिहिणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशांतून भरून निघते. मागील अपघात हा पुढील जोखमीचा मापक आहे, हें आंकडेशास्त्र सांगतें. प्रश्न सरळ असून उत्तर जाणूनबुजून खोटें दिलें असेल, तर आम्हांस त्याची कींव येत नाहीं. पण येथें ज्ञानाची जागा बदलली आहे, हें कायद्यानें पाहावयास हवें होतें. बेंकूलनचा गव्हर्नर किल्ल्याविषयीं लंडनहून अधिक जाणत होता. मोटारमालक मात्र, कोणत्या घासण्यानें हप्ता वाढतो, किती वर्षांपूर्वींचा दंड महत्त्वाचा ठरतो, हें मुळींच जाणत नाहीं. तें जाणते कंपनी. तेव्हां विचारण्याची जबाबदारीहि तिचीच. इंग्लंडांत १९९४ पासून कंपन्यांनीं भरपाईच्या मागण्यांची सामायिक नोंदवही चालविली आहे. ती उघडून पाहण्याचें काम अपघात झाल्यानंतरच आठवावें, हें बोएमच्या मौनाहून वेगळें नाहीं.

सुधारणा फार सावकाश आली. १९५७ सालीं विधिसुधारणा समितीनें व १९८० सालीं विधि आयोगानें जुन्या नियमावर टीका केली; १९७४ च्या कायद्यानें ठराविक मुदतीनंतर जुन्या शिक्षा सांगण्याचें बंधन दूर केलें. अखेर २०१२ चा ग्राहक विमा कायदा झाला आणि तो ६ एप्रिल २०१३ पासून अंमलांत आला. आपण होऊन सर्व सांगण्याचें बंधन त्यानें काढून टाकलें. विचारलेल्या प्रश्नास योग्य काळजी घेऊन उत्तर द्यावें, एवढेंच उरलें. करारास पाया ठरविणारी ती छापील ओळहि निष्प्रभ झाली. उत्तर जाणूनबुजून अगर बेफिकीरपणें खोटें दिलें असेल तर कंपनीस करार मोडतां येतो. नुसत्या निष्काळजीपणानें चुकलें असेल, आणि खरें कळतें तर कंपनीनें केवळ हप्ता वाढविला असता, तर भरपाई त्या प्रमाणांत कमी होते : हजार पौंडांच्या ठिकाणीं आठशेंच घेतले गेले असतील, तर शंभरापैकीं ऐशीं मिळतील. इतकी साधी त्रैराशिकाची रीत शोधण्यास मॅन्सफील्डनंतर जवळजवळ अडीचशें वर्षें लागावींत, हें आश्चर्य होय.

या साऱ्या वादांत एक तिसरा मनुष्य आहे : गाडीखालीं सांपडलेला पादचारी. अर्ज त्यानें भरलेला नसतो, दंडहि त्यास झालेला नसतो. त्याच्यासाठींच इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें त्रयस्थाच्या जोखमीचा विमा सक्तीचा झाला. पण १९३४ च्या कायद्यानें कंपनीस, अर्जांतील लपवाछपवी सिद्ध करून, त्याच्या देण्यांतूनहि निसटण्याची वाट ठेवली. अपघातानंतर ही वाट धरण्यास तेथें बंदी झाली ती २०१९ सालीं.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत ही तरतूद आली. सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालें. महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी मिळविली असेल तर कंपनीस तो बचाव करतां येतो, हें कलम १९८८ च्या कायद्यांतहि आलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तें १५० व्या कलमांत कायम आहे. परम सद्भावाचें बंधन कंपनीवरहि आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें. मॅन्सफील्डचा उत्तरार्ध येथें तरी जिवंत राहिला. मात्र आपल्या मध्यमवर्गीय घरांत पूर्ववृत्ताचा प्रश्न दंडापेक्षां ‘नो क्लेम बोनस’च्या रूपानेंच अधिक येतो. वर्षभर भरपाई न मागणाऱ्यास हप्त्यांत २० टक्के सूट, आणि ती चढत ५० टक्क्यांपर्यंत. कंपनी बदलतांना, मागच्या वर्षीं भरपाई घेतली असूनहि, ही सूट कोणी एजंटाच्या सांगण्यावरून, कोणी न कळून, पदरांत पाडून घेतो. २००२ च्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’नें यासाठीं प्रतिज्ञापत्राचा नमुनाच ठरवून दिला होता : हें निवेदन खोटें ठरल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसंबंधीं सर्व लाभ जप्त होतील. कांहीं हजारांच्या सुटीपायीं लाखोंची भरपाई! पण त्याच नियमांत दुसरें वाक्य होतें, तें कंपन्यांच्या वकिलांस फारसें आवडत नसावें. सूट देणाऱ्या नव्या कंपनीनें जुन्या कंपनीस २१ दिवसांच्या आंत पत्र पाठवून खरें-खोटें पडताळून पाहावें. ग्राहक आयोगांपुढें हे वाद आले, तेव्हां कांहीं निकालांत मागणी समूळ न फेटाळतां चुकीच्या सुटीच्या मानानें रक्कम कमी करून देववली गेली. आणि तें पत्र कंपनीनें मुदतींत टपालांत टाकलें होतें कीं नाहीं, हा अशा भांडणांतला एक महत्त्वाचा प्रश्न होऊन बसला.