काज, गाज आणि तुटलेले बटण

सदऱ्याचे तुटलेले बटण पुन्हा लावणे याकडे इतिहासाचा विषय म्हणून कोणी पाहत नाही. सुई शोधायची, मग चष्मा शोधायचा, दोरा ओवण्यासाठी नातवंडाला हाक मारायची आणि पाच मिनिटांत मोकळे व्हायचे. पण आम्हां बडोदेकरांच्या घरी या पाच मिनिटांत एक जुना वाद हटकून निघतो. "गाज उसवले आहे, आधी ते नीट करा, मग बटण लावा," असे आमच्यापैकी कोणी म्हटले आणि पुण्याहून आलेले पाहुणे जवळ असले, की ते हसतात. "गाज समुद्राची असते हो! हे काज. तुमची मराठी पार गुजराती झाली." ही दुरुस्ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि मुकाट्याने मान्य करीत आलो. ती तपासून पाहावी, हे मात्र फार उशिरा सुचले.

आपल्या जुन्या पोशाखाची भिस्त बटणावर नव्हती, बंदांवर होती. बाराबंदी हे नावच बंदांच्या संख्येवरून पडलेले. अंगरखा, बंडी, जामा, सगळे बांधायचे कपडे. बांधण्याची बाजूदेखील अर्थपूर्ण असे. मोगलकालीन चित्रांत हिंदूंचा जामा डाव्या काखेखाली आणि मुसलमानांचा उजव्या काखेखाली बांधलेला दिसतो, आणि अभ्यासक त्यावरून चित्रातला माणूस ओळखतात. बंदाचा मोठा गुण असा, की तो तुटला तर घरातल्या कोणत्याही चिंधीचा दुसरा करता येतो. अंगाने माणूस भरला तर तो सैल बांधता येतो. जिथे बंद नको, तिथे कापडाची गुंडी आणि ती अडकवायला सुताचा फास. तोही घरचाच. तान्ह्या बाळाच्या झबल्याला आपण आजही बंद लावतो, कारण बटण टोचते आणि पोर ते तोंडात घालते.

बंद काय किंवा गुंडीचा फास काय, दोहोंत कापडाला भोक पाडावे लागत नाही. बटणाची खरी करामत त्या भोकात आहे. धडधाकट कापडाला मुद्दाम छेद द्यायचा आणि त्याच्या कडा दोऱ्याने अशा बांधायच्या, की रोज ओढूनही तो वाढू नये. बटणासारख्या वस्तू शोभेसाठी जगात फार पूर्वीपासून होत्या, पण कडा बांधलेल्या छेदात बटण अडकवून अंगाबरोबर बसणारा कपडा घालण्याची रीत युरोपात तेराव्या शतकात रूढ झाली. आपल्या किनाऱ्यावर युरोपीय शिवणकाम पोर्तुगीजांबरोबर आले, आणि वस्तूबरोबर तिचे नावही आले. पोर्तुगीज भाषेत घराला जो शब्द आहे, तोच बटणाच्या भोकालाही आहे. त्याचा उच्चार साधारण 'काझा' असा. बटणाचे घर ते काझा. त्याचे मराठीत 'काज' झाले आणि गुजरातीत 'गाज'. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. दमण तर १९६१ पर्यंत. दोन्ही भाषांच्या दाराशी एकच पाहुणा उभा होता. एकीने त्याचा 'क' ठेवला, दुसरीने 'ग' केला.

तेव्हा पुण्याचे काज अस्सल मराठी आणि आमचे गाज भेसळीचे, हा निवाडा टिकत नाही. हे आम्हांला बडोद्यात राहून कळू नये, याची थोडी लाजही वाटते. गोव्यातील आसगावचे धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत गेलेल्या शब्दांचा कोश १९१३ साली पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर बडोदा कॉलेजातील प्राध्यापक ए. एक्स. सोआरिश यांनी केले आणि ते १९३६ साली येथल्याच प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापले. ज्या शहराच्या बोलीला आम्ही खाली मान घालून बसलो, त्याच शहरातून तो ग्रंथ निघाला.

बटणाची गोष्ट आणखी मौजेची. बंगालीत त्याला 'बोताम' म्हणतात, कोकणीत 'बुतांव', दोन्ही पोर्तुगीज. आपले 'बटण' मात्र इंग्रजांकडचे. म्हणजे 'काजबटण' या जोडशब्दात दोन दर्यावर्दी राष्ट्रे एका दोऱ्याने शिवली गेली आहेत, आणि गावातला शिंपी ते रोज उच्चारतो.

बटण आले, पण आपल्या परीटघडीला ते मानवले नाही. दगडावर आपटून धुण्याच्या रीतीत शिंपल्याची बटणे फुटत. त्यावर तोड निघाली ती सुट्या बटणांची: कपड्याला दोन्ही बाजूंनी काजे करायची आणि साखळीत ओवलेली चांदीची वा सोन्याची बटणे घालायची, धुवायला टाकण्यापूर्वी काढून ठेवायची. जावयाला सोन्याची बटणे देण्याची हौस येथूनच वाढली असावी. शिंपल्याची बटणे आधी विलायतेहून येत. पुढे बिहारात चंपारणातील मेहसी येथे १९०५ च्या सुमारास नदीतल्या शिंपल्यांपासून ती करण्याचा धंदा उभा राहिला. मग प्लॅस्टिक आले आणि बटण इतके स्वस्त झाले, की हरवले तरी कोणी वाकून शोधीना.

लावण्याची रीत मात्र तीच आहे, आणि ती आताशा फार थोड्यांना नीट येते. बटण कापडाला घट्ट आवळून शिवले, की काजाच्या पट्टीला जागा राहत नाही. कापड चुरमडते आणि आठ दिवसांत दोरा तुटतो. म्हणून बटणावर काडेपेटीची काडी आडवी धरून तिच्यावरून टाके घालावेत. शेवटी काडी काढून बटण वर ओढावे आणि खालच्या सैल दोऱ्यांभोवती त्याच दोऱ्याचे चार वेढे द्यावेत. असा देठ तयार झाला, की बटण त्यावर फुलासारखे उभे राहते. गाठ आतल्या बाजूला.

गेल्या दिवाळीत आमचे ते पाहुणे स्टेशनवर निघता निघता त्यांच्या सदऱ्याचे बटण हातात आले. सदरा काढायला वेळ नव्हता. अंगावरचा कपडा शिवू नये, शिवायचाच तर दातांत दोरा धरावा, हा घरचा नेम. त्यांनी निमूटपणे दोरा दातांत धरला. काम चालू असताना आम्ही त्यांना सांगितले, की तुमचे गाजही जरा सैल झाले आहे. दोरा दातांत असल्यामुळे त्यांना काहीच बोलता आले नाही.