'टाटा'ला जायचं म्हणजे खर्च किती?

मुक्ताईनगरहून कॅन्सरच्या रुग्णाला मुंबईला पाठवायचं ठरलं, की भुसावळला गाडीत बसण्याआधी नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, टाटा म्हणजे लई महाग असंल ना?" नाव उद्योगपतीचं, म्हणून ही भीती.

दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्याआधी आपली संपत्ती त्यांनी ट्रस्टकडे सोपवली होती. त्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं रुग्णालय सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. (किरणोपचार आठवा, म्हणजे नवल वाटणार नाही.) मोठा खर्च आता सरकार उचलतं, तरी गरीब रुग्णांच्या उपचारांना आजही देणग्यांचा हातभार लागतो.

ही रीत त्याहून जुनी. जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये देऊ केले, ते कंपनी सरकारनेही तेवढेच घालावेत या अटीवर. १८४५ मध्ये जे. जे. उघडलं. मला त्या रकमेपेक्षा ती अट मोठी वाटते.

आता तर कायदाच आहे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. तेव्हा निघताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड पिशवीत टाका, आणि पोचल्यावर आधी समाजसेवा विभागात जा.