कडीवरची खूण

सपाट, उघड्या ट्रेलरवर माल बांधण्याचे अमेरिकेतले नियम 2002 मध्ये नव्याने मांडले गेले आणि 1 जानेवारी 2004 पासून ते पाळणं सक्तीचं झालं. साखळ्या-पट्ट्यांची एकत्रित मान्य भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, हा त्यांचा कणा. पण खरी मेख साखळीचा ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, सांगणाऱ्या कडीवरच्या खुणेत आहे. 3/8 इंची, ग्रेड 70 ची साखळी सुमारे 3,000 किलोंची धरतात. कडीवर खूणच नसेल तर तीच ग्रेड 30 ची, म्हणजे जेमतेम 1,200 किलोंची. मुरलेला ड्रायव्हर विचारेल, लोखंड तेच, मग ताकद कुठे गेली? कुठेच नाही, पण रस्त्याकडेला तपासणाऱ्याने साखळी तोडून थोडीच पाहायची? म्हणून हा कडकपणा मला रास्तच वाटतो. अर्थात, खूण म्हणजे सुरक्षितता नव्हे. माल बसला की ताण उतरतो. पहिल्या 80 किलोमीटरांतच बांधणी पुन्हा तपासायला लावतात ते त्यासाठीच.