पायाची नाडी लागत होती

शनिवारी पहाटे ४.०५ ला आत्या गेली. खालच्या वेळा केसपेपरवरच्या आणि माझ्या मोबाइलमधल्या आहेत.

बुधवार, सकाळी १०.४०. आत्याला ऑपरेशनला आत नेलं. वय ७८. सोमवारी मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. हिमोग्लोबिन ११.२.

दुपारी १२.१५. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून दाखवला. हाडात रॉड, वर जाड स्क्रू, खाली आडवा एक. आतल्या बाजूला हाडाचा एक टोकदार तुकडा सुटा होता. "तो तसाच राहतो, काही अडत नाही," ते म्हणाले. बहुतेक वेळा हे खरंच असतं. पण त्याच बाजूने मांडीची खोल धमनी जाते. तुकड्याचं टोक किंवा हाडापलीकडे जरा जास्त गेलेलं ड्रिल तिला लागू शकतं.

संध्याकाळी ६.००. नाडी ९२, बीपी १३०/८०. सिस्टरने पावलावर दोन बोटं ठेवली. पाऊल गरम, नाडी लागते. केसपेपरवर बरोबरची खूण. पुढे ती दर चार तासांनी आहे.

गुरुवार, सकाळी ७.००. हिमोग्लोबिन ८.४. अशा फ्रॅक्चरमध्ये रक्त जातंच. एक पिशवी चढवली.

दुपारी ४.३०. स्पंज करताना मावशी थांबल्या. "ताई, ही मांडी कालच्यापेक्षा मोठी वाटतीय." मी बघितलं. क्रेप बँडेजची वरची कड मांसात रुतली होती, तिच्यावरची कातडी ताणून चकाकत होती. "ऑपरेशननंतर सूज येतेच," मी म्हटलं. मावशींनी बादली उचलली. दोन्ही मांड्या टेपने मोजायला एक मिनिट लागलं असतं.

रात्री ९.००. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शन. ते ठरलेलंच असतं.

शुक्रवार, सकाळी ७.००. हिमोग्लोबिन ७.६. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढतं, म्हणजे सव्वानऊच्या पुढे हवं होतं. "सलाइनमुळे पातळ झालं असेल." नाडी ११२. दुसरी पिशवी. हा हिशेब मला आता येतो. त्या सकाळी मी रक्तपेढीत जाऊन पिशवी घेऊन आले, एवढंच.

११.००. राउंड. पाऊल गरम, नाडी लागते. पावलाला रक्त नेणारी धमनी वेगळी असते. खोल धमनीच्या फांद्या मांडीतल्या स्नायूंतच संपतात. तिच्यातून रक्त मांडीत साठत गेलं तरी पावलाची नाडी लागत राहते. केसपेपरवर कुणीही खोटं लिहिलेलं नाही.

दुपारी २.१०. बसवायला गेलो तर दरदरून घाम. बीपी ९०/६०. "बाळा, मांडीत दगड भरल्यासारखं होतंय गं." बीपीची गोळी बंद केली, सलाइन वाढवलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी ७.३०. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी चादर बाजूला केली, बँडेज कात्रीने कापलं आणि दोन्ही मांड्यांवर एकेक हात ठेवला. तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग फोन करायला बाहेर गेले. सीटी अँजिओग्राफी इथे होत नव्हती. जिल्ह्याचं गाव ६२ किलोमीटर.

रात्री ९.१५. अँब्युलन्स निघाली. बिल, फाइल, ऑक्सिजनचा सिलिंडर, यात पावणेदोन तास गेले.

११.५०. सीटी. खोल धमनीच्या एका फांदीशेजारी रक्ताचा फुगा, त्यातून अजून गळती. मांडीतून बारीक नळी नेऊन, कॉइल टाकून ती बंद करता येते. ते करणारे डॉक्टर शहरातून निघाले. पावणेचारपर्यंत पोहोचतो म्हणाले.

शनिवार, रात्री १.२०. हिमोग्लोबिन ५.१. चौथी पिशवी. मी पावलाला हात लावला. पहिल्यांदाच गार लागलं.

३.१०. हृदय थांबलं. छाती दाबून सुरू केलं.

३.४०. डॉक्टर जिना चढून वर आले, सांगितल्यापेक्षा पाच मिनिटं आधी.