वाड्याची मोकळी जागा, पुणे
पुण्याच्या जुन्या पेठांत वाडा पडल्यानंतर रिकामी राहिलेली निवासी जागा. जोते, आड व शेजारच्या भिंतीतील तुळयांच्या खाचा यांवरून मूळ चौकाचा अंदाज येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे अनेक वाडे कोसळले. तथापि सर्व दोष पुराला देता येत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधले. त्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना. वाडे ढासळत गेले. इमारत नष्ट झाल्यावर भाडेकरूचा हक्क उरतो काय, हा वाद दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने आपले पूर्वीचे मत फिरवून २०१४ मध्ये तो उरतो असा निर्णय दिला.