तळटीप : नाताळची वाइन

* येथे उल्लेखलेली वाइन विकतची नव्हे. वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर आणि यीस्ट बरणीत आंबवून ती घरीच करतात. कारखान्यातल्या मिश्र लाल वाइनशी तिची गल्लत करू नये. नाशिककडे कॅबर्ने सॉव्हिन्याँ आणि शिराझ या द्राक्षजातींचे मिश्रण रूढ आहे. पहिल्याने तुरटपणा व ताठपणा येतो, दुसऱ्याने फळाचा भरीवपणा आणि मिरीसारखी चव. कडक उन्हात द्राक्षांची साखर झपाट्याने वाढते, आंबटपणा उतरतो. म्हणून तिथे पावसाळा सरताना छाटणी करून थंडीत फळ पिकवतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी करतात. फ्रान्समध्ये हीच तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते.